मुलांच्या गोष्टीत वेताळ हवाच

यंदा मे महिन्यात आमच्या तालुक्यातल्या एका वाचनालयात एका किशोर कादंबरीवरून चांगलीच जुंपली. कादंबरीतला मुलगा नववीतला. वडील दारू पिणारे, आई गप्प राहणारी, आणि एका रात्री हा पोरगा दप्तरात दोन शर्ट कोंबून मुंबईची गाडी पकडतो. तो घरी परततो की नाही, हे लेखकाने सांगितलेलं नाही. एका पालकाची लेखी तक्रार आली, कार्यकारिणीने ठराव केला आणि पुस्तक बालविभागाच्या कपाटातून मोठ्यांच्या कपाटात गेलं. वाचक मेळाव्यात यावर दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, या वयात मुलांच्या हाती संस्कार करणारं काही द्यावं, हे कसलं रडगाणं! दुसरी बाजू म्हणाली, मुलं मोबाइलवर याच्या शंभरपट बघतात, शिवाय या पुस्तकातून व्यसनाचे दुष्परिणाम कळतात, तेव्हा ते उपयुक्तच आहे. टाळ्या दोघांनाही पडल्या. मला दोन्ही भाषणं एकाच माणसाने लिहून दिल्यासारखी वाटली.

कारण दोघांच्याही लेखी पुस्तक म्हणजे काढा. एकाला तो गोड हवा, दुसऱ्याला कडू चालतो. पण पोर आजारी आहे आणि त्याला बरं करायचं आहे, याबद्दल दोघांचं एकमत. गोष्ट ही गोष्ट म्हणून कशी उतरली आहे, हे एकानेही विचारलं नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकते. बारा ते सोळा वयाच्या मुलांसाठी लिहिलेली गोष्ट बरी की वाईट, हे तिच्यात दारू, मरण, भूत किंवा प्रेम आलं का यावरून ठरवू नये. तिच्यातून बोध काय मिळतो यावरूनही ठरवू नये. गोष्ट वाचून झाल्यावर डोकं चालवायचं काम लेखकाने वाचणाऱ्या पोराकडे सोपवलं, की स्वतःच उरकून टाकलं, एवढं बघावं. या कसोटीला आपली बहुतेक संस्कारक्षम पुस्तकं उतरत नाहीत. त्यांच्यावर नाक मुरडून लिहिलेली समस्याप्रधान पुस्तकंही फारशी उतरत नाहीत.

हा वाद नवा नाही, मराठीत मुलांची पुस्तकं येऊ लागली तेव्हापासूनचा आहे. १८२८ साली सदाशिव काशिनाथ छत्रे यांनी 'बाळमित्र' आणि इसापाच्या नीतिकथा मराठीत आणल्या. पहिलं पुस्तक मुळात फ्रेंच, इंग्रजीमार्गे आलेलं. शहाण्या मुलांचं भलं होतं आणि हट्टी मुलांची फजिती होते, असा सगळा मामला. योगायोग असा की रत्नागिरीतलं जिल्हा नगर वाचनालयही आपली स्थापना त्याच १८२८ सालची सांगतं. म्हणजे कोकणातलं पुस्तकाचं कपाट आणि छत्र्यांचं मुलांचं पुस्तक एकाच वयाची. पण छत्र्यांच्या नावावर आणखी एक पुस्तक आहे आणि तात्पर्यवाल्यांना त्याची आठवण होत नाही. दोनच वर्षांनी, १८३० मध्ये, त्यांनी 'वेताळपंचविशी' मराठीत आणली. ती काही खास मुलांसाठी नव्हती. मुलांनी ती पुढे आपल्याकडे ओढून घेतली आणि मासिकांतून पिढ्यान् पिढ्या वाचली.

इसाप आणि वेताळ यांत फरक कसला? अंधाराचा म्हणाल तर तो दोघांकडेही आहे. इसापाचा लांडगा कोकराला खातोच. फरक शेवटाचा आहे. इसापाची गोष्ट संपते तेव्हा खाली ठळक अक्षरात तात्पर्य येतं आणि मूल पुस्तक मिटून खेळायला जातं. वेताळाची गोष्ट संपते तेव्हा प्रश्न येतो. उत्तर ठाऊक असून बोलला नाहीस तर डोक्याची शंभर शकलं होतील, आणि बोललास तर मी पुन्हा झाडावर. राजा उत्तर देतो हे खरं, पण त्याने प्रकरण मिटत नाही, प्रेत पुन्हा फांदीला लटकतं. आमच्या दक्षिण कोकणाला तर वेताळाची ओळख करून द्यायला नको. आरवलीला वेतोबाला लोक केळ्यांचे घड आणि भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात, कारण तो रात्री गावाची राखण करत फिरतो आणि त्याच्या चपला झिजतात. ज्याला पोरं लहानपणापासून हात जोडतात, त्याची गोष्ट वाचून ती बिघडतील असं कोण म्हणेल?

गेल्या वर्षी आठवी-नववीच्या मुलांना मी त्यातलीच एक गोष्ट वाचून दाखवली. शनिवारी दुपारी वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही बसतो. तीन तरुण एकाच मुलीला मागणी घालतात, तोवर ती तापाने मरते. एक तिची हाडं घेऊन गंगेवर जातो, एक तिच्या राखेवर झोपून स्मशानातच राहतो, एक भटकत भटकत संजीवनीचा मंत्र मिळवून येतो. मुलगी जिवंत होते. आता ती बायको कोणाची? राजाचं उत्तर प्रसिद्ध आहे: मंत्राने जीव दिला तो बापाच्या जागी, हाडं गंगेला नेली तो मुलाच्या जागी, राखेवर झोपला तो नवरा. मी उत्तर सांगितलं नाही. मुलगे मंत्रवाल्याच्या बाजूने, कारण त्याच्यावाचून बाकीच्यांचं काय चाललं असतं! नववीतली एक मुलगी बराच वेळ पायाच्या अंगठ्याने फरशी उकरत बसली होती. ती म्हणाली, "तिला कोणी विचारलं काय?" मुलगे हसले. एकजण म्हणाला, अगं ती मेलेली होती. "जिती झाल्यावर विचारूक होया," ती म्हणाली. मग जी भांडणं लागली ती वाचनालय बंद करायची वेळ झाली तरी संपेनात. स्त्री-पुरुष समानतेवरच्या किती बालकथा मी याच खोलीत वाचून दाखवल्या असतील! त्यांच्यानंतर मुलं एकसुरात "समजलं" म्हणतात आणि चपला शोधायला लागतात.

आता संस्कारवाल्यांच्या हुकमी पत्त्याकडे येते. अशा चर्चेत कोणीतरी उठून 'श्यामची आई'चं नाव घेतोच, मेळाव्यातही घेतलं. घ्यायलाच हवं. दापोली तालुक्यातल्या पालगडला जन्मलेल्या साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात १९३३ साली लिहिलं. कोकणातल्या मुलाचं आयुष्य कोकणातल्याच माणसाने लिहावं, याचं त्याहून मोठं उदाहरण नाही. पण नाव घेणाऱ्यांनी ते अलीकडे उघडून पाहिलं आहे का, अशी मला शंका आहे. काय काय आहे त्यात? कर्जात बुडालेला बाप आहे. दारात उभं राहून घरच्या बाईसमोर वाटेल ते बोलणारा सावकाराचा माणूस आहे. धाकट्या भावाचा मृत्यू आहे. लाकडाची मोळी उचलायला जिला गावातलं कोणी हात लावत नाही, अशी अस्पृश्य म्हातारी आहे. चोरी करणारा श्याम आहे. पोहायला जायला घाबरतो म्हणून अंगावर वळ उठेपर्यंत शिंपटीने झोडपणारी आई आहे, आणि शेवटी त्या आईचं मरण आहे, तेही मुलगा जवळ नसताना. कार्यकारिणीने त्या कादंबरीला लावला तो नियम लावला, तर हे पुस्तक बालविभागाच्या कपाटात एक दिवस टिकणार नाही. दारिद्र्य, मारहाण, मृत्यू, जातीचा विषय: तक्रारीच्या अर्जाला हवं ते सगळं त्यात आहे. आपल्याला ते सोवळं वाटतं, कारण आपण ते चाळीस वर्षांपूर्वी वाचलं आणि आता फक्त त्याचा फोटो डोक्यात आहे.

यावर खरं उत्तर असं येऊ शकतं, आणि मेळाव्यात ते कोणी दिलं नाही म्हणून मीच देते: त्या पुस्तकात उपदेशही ठायी ठायी आहे, आणि तो लोकांच्या लक्षात राहिला आहे. मान्य. पायाला घाण लागू नये म्हणून जपतोस तसं मनालाही जप, हे आईचं सांगणं न वाचलेल्यालाही ठाऊक असतं. पण ते वाक्य तिथवर कसं येतं? ओल्या पायांना माती लागेल म्हणून हटून बसलेलं पोर आधी येतं, त्याच्यासाठी धोंड्यावर आपलं लुगडं पसरणारी आई आधी येते, आणि मग ते वाक्य. हे चित्र काढून घ्या आणि नुसतं वाक्य शाळेच्या भिंतीवर रंगवा. आमच्या तालुक्यात ते अनेक शाळांच्या भिंतींवर आहे. त्याखालून रोज दोनदा जाणाऱ्या मुलांपैकी किती थांबून ते वाचतात?

विरोधकांचा सगळ्यात बळकट मुद्दा वेगळाच आहे, आणि तो मी हलक्यावर घेत नाही. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. जे वाचलं ते मनात कसं रुतेल, याचा भरवसा त्या वयात देता येत नाही. गटे या जर्मन लेखकाची पहिली कादंबरी १७७४ साली आली; तिचा नायक प्रेमभंगाने जीव देतो. तरुण मुलं त्याच्यासारखे कपडे घालू लागली, त्याच्यासारखं मरण पत्करल्याच्या बातम्या येऊ लागल्या, आणि पुढच्याच वर्षी लाइपझिग शहराने पुस्तकावर बंदी घातली. आज जागतिक आरोग्य संघटना वृत्तपत्रांना सांगते की आत्महत्येची बातमी देताना पद्धत वर्णन करू नका, ती सुटका असल्यासारखी रंगवू नका. हे बातमीदाराला लागू असेल तर किशोरांसाठी लिहिणाऱ्याला दुप्पट लागू आहे. दुसरंही आहे. आजीच्या पुढ्यात बसून ऐकलेलं भूत आणि रात्री एकट्याने पांघरुणात वाचलेलं भूत ही दोन वेगळी भुतं. जत्रेत पहाटेपर्यंत दशावतार बघताना संकासुराचे चावट विनोद, राक्षसाचा धिंगाणा, तलवारीची लढाई हे सगळं पोरं गोधडीत गुरफटून बघतात, पण शेजारी आई असते, काकी असते, अख्खा गाव असतो. पुस्तकात शेजारी कोणी नसतं.

हे सगळं कबूल करूनही ठराव चुकीचाच ठरतो. पद्धत वर्णन करू नका, मरणाला सुटका म्हणून रंगवू नका, या सूचना लिहिण्याच्या रीतीबद्दल आहेत. विषयच काढू नका असं त्यात कुठेही नाही. उलट मदत कुठे मिळते ते सांगा, त्यातून सावरलेल्यांबद्दल लिहा, असंही तिथेच सांगितलेलं असतं. म्हणजे पुस्तक वाचून बघण्याला पर्याय नाही, मथळ्यावरून कपाट ठरवता येत नाही. आणि पुस्तकात शेजारी कोणी नसतं हे भीतीचं कारण आहे तसंच ते त्याचं बळही आहे. ज्याच्या घरात बाप रोज पिऊन येतो तो पोरगा ही गोष्ट चारचौघांत विचारील? शाळेत? भजनात? वाचनालयातली ती कादंबरी तक्रारीआधी तीनदा बाहेर गेली होती. त्यातला एक वाचक मला माहीत आहे. तो कोण ते इथे लिहिणार नाही. पुस्तक परत देताना तो एवढंच म्हणाला, "ह्येच्यात आमच्याच घरातला लिवलेला आसा." चिडून नाही, रडून नाही, जरासा चकित होऊन. आपल्या घरात जे चालतं ते दुसऱ्या कुठल्या तरी घरातही चालतं, हे त्याला छापील स्वरूपात पहिल्यांदा दिसलं होतं.

पालकांच्या हक्काचं काय? आपल्या मुलाने काय वाचावं हे सांगायचा आईबापांना पुरता हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलाने काय वाचावं हे सांगायचा नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली वाचनालयांना वर्गवारीनुसार शासनाचं अनुदान मिळतं, ते सगळ्यांच्या पैशातून. म्हणून एका तक्रारीवर सगळ्यांचं कपाट हलवणं तर आणखीच चूक. आईला शंका आली तर ग्रंथपालाने तिला पुस्तक द्यावं, दोन दिवस घरी नेऊन वाच म्हणावं, मग ती म्हणेल तसं तिच्या मुलापुरतं करावं.

दुसऱ्या बाजूला मी वाचवत नाही आहे, हे एव्हाना ध्यानात आलं असेल. मोबाइलवर सगळं दिसतंच, मग पुस्तकाचं काय घेऊन बसलात, हा युक्तिवाद हात टेकल्याचा आहे. मोबाइलवर दिसतं म्हणून पुस्तकात आलं पाहिजे असं नाही. पुस्तकात ते वेगळ्या तऱ्हेने येतं, म्हणून यायला हवं. पडद्यावरची मारामारी अर्ध्या मिनिटात बोटाने वर सरकते. कादंबरीतल्या पोराबरोबर दोनशे पानं राहावं लागतं. आणि व्यसनाचे दुष्परिणाम कळतात म्हणून पुस्तक चांगलं, हे तर 'बाळमित्र'च झालं, फक्त कपडे आजचे. अलीकडे अशा गोष्टींचं पीक आलं आहे. प्लास्टिक वाईट, झाडं लावा, बाबांनी सिगारेट सोडली, मुलीलाही क्रिकेट खेळू द्या. विषय सगळे माझ्या मनातले, पण दुसऱ्या पानावरच शेवट कळतो. मुलांना तो पहिल्याच पानावर कळतो. विंदा करंदीकरांनी १९६३ साली 'एटू लोकांचा देश' लिहिला. देवगडजवळच्या धालवलीचा हा माणूस, मोठ्यांच्या कवितेत केवढा गंभीर! पण मुलांपुढे आल्यावर त्याने कसलीही सुधारणा केली नाही, नुसता उलटा देश उभा केला. तो अजून वाचला जातो.

आता ज्याबद्दल कोणीच भांडत नाही त्या गोष्टीकडे येते, आणि माझ्या मते खरी तक्रार तिथे आहे. मराठी बालकथेत कोकण भरपूर येतं, पण ते सुट्टीचं कोकण असतं. पुण्या-मुंबईची दोन भावंडं मे महिन्यात आजोळी येतात. गाडी बोगद्यातून जाते, आजी गालावरून हात फिरवते, फणस फोडला जातो, मागीलदारी पडकी विहीर असते. त्या विहिरीत काहीतरी गूढ असतं आणि ते ही दोन भावंडं उलगडतात. गावातलाही एक पोरगा गोष्टीत असतो. त्याचं नाव गण्या किंवा बाबल्या. तो सरसर माडावर चढतो, शहरातल्या मुलांना खेकडे धरायला शिकवतो, भुताला घाबरतो, आणि सात जूनच्या आसपास गाडी सुटताना फलाटावर हात हलवत उभा राहतो. गाडी गेल्यावर गण्या काय करतो? लेखक गाडीत असतो, त्यामुळे त्याला ते माहीत नसतं. गण्या घरी येतो. मासेमारी एक जूनलाच बंद झालेली असते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या असतात, पुढचे दोन महिने बाप घरात असतो, आणि बाप दोन महिने घरात असणं म्हणजे काय, हे गण्याला नीट ठाऊक असतं. शाळेचा पट आणखी चारने कमी झालेला असतो. ताई दहावी झाली, तिला तालुक्याला पाठवायचं की मावशीकडे विरारला, यावरून बोलणी चाललेली असतात. शेजारच्या तीन घरांना कुलपं, आणि चौथ्या घरातल्या म्हातारीला औषधं आणून देणं हे गण्याचं काम. वरच्या कातळावर दलाल गाडी घेऊन आला होता. सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत आणि मुंबईच्या काकाने सही केली आहे. पडक्या विहिरीपेक्षा यात कमी गूढ आहे?

ही मुलं असलं काही झेपण्याइतकी मोठी नाहीत म्हणता? ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं, तेव्हा श्रीवर्धन-दापोली पट्ट्यात घरांची छपरं उडाली, सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. घरात ही मुलंच होती. पुढल्या वर्षी २२ जुलैला वाशिष्ठीचं पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरलं, तिथल्या १८६४ सालापासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरातली पुस्तकं चिखलात गेली. त्याच दिवशी महाडजवळ तळीये गावावर डोंगर आला. तेव्हा सात-आठ वर्षांची असलेली मुलं आज तेरा-चौदाची आहेत. त्यांच्यासाठी या पावसाची कादंबरी माझ्या तरी पाहण्यात नाही. आमच्या आधीच्या पिढीने असं केलं नव्हतं. १७ जुलै १९४७ ला भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट बुडाली, सहाशेच्या वर माणसं गेली. आमच्या किनाऱ्यावर ती हकिगत मुलांना सांगितली जायची. पोहत आलेल्यांची, आणि न आलेल्यांचीही. सांगणारा गहिवरायचा, मध्येच थांबून विडी पेटवायचा. खाली तात्पर्य नसायचं. काय असणार होतं, पावसात बोटीने जाऊ नये?

भाषेचंही तेच. गण्या मालवणीत बोलला तर ते हशा पिकवायला. दुःखाचं, विचाराचं बोलायची वेळ आली की लेखक त्याला प्रमाण मराठी देतो, किंवा बोलूच देत नाही. पोरांना हे लगेच कळतं. त्यांच्या घरात मयत झालं तरी लोक मालवणीतच रडतात.

आणि मग आपण म्हणतो, मुलं लिहीत का नाहीत. लिहितात की! सुट्टीत एका आठवीतल्या मुलाने मला दोन पानी गोष्ट लिहून दिली. वडिलांच्या ट्रॉलरचं इंजिन रात्री देवगडच्या बाहेर बंद पडतं. रेंज नाही. तांडेल शिव्या घालतो आहे, नेपाळी खलाशी त्याच्या भाषेत काहीतरी पुटपुटतो आहे, आणि दूरवरून एका जहाजाचा दिवा सरळ यांच्याच दिशेने येतो आहे. यांच्याकडे दाखवायला एकच बॅटरी, तिचेही सेल उतरलेले. वाचताना मी खुर्चीत पुढे सरकले. दिवा जवळ येतो, आणखी जवळ येतो, आणि पान संपतं. खाली रेघ मारून लिहिलेलं: 'तात्पर्य : इंजिनाची देखभाल वेळच्या वेळी करावी.' हे कशाला लिहिलंस, म्हटलं. तो म्हणाला, "नायतर मार्क जातत." त्याची चूक काय? कथालेखनाचा प्रश्न सोडवताना शीर्षक आणि तात्पर्य विसरू नका, हे त्याला पाचवीपासून घोकून घेतलेलं आहे. आमचा कोकण विभाग दहावीच्या निकालात वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. तात्पर्य लिहायला आमची मुलं विसरत नाहीत, हेही त्यामागचं एक कारण असावं. मी त्याला ती ओळ खोडायला सांगितली. त्याने पेन्सिलीने हलकीच खोडली, पुन्हा वाचता येईल अशी.

राहता राहिला शेवटचा आक्षेप: मुलांच्या आवडीवर सोडलं तर ती फालतू वाचतील. वाचतील थोडं. बाबूराव अर्नाळकरांनी, ज्यांच्या आडनावात वसईजवळचं अर्नाळा आहे, हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यातल्या झुंजार आणि काळा पहाड या नायकांच्या कथा वाचताना पकडलेल्या मुलांनी किती मार खाल्ला असेल त्याची गणती नाही. पुस्तक भूगोलात लपवायचं, ही विद्या त्या पिढीने तिथेच कमावली. ती मुलं चोर-दरोडेखोर झाली नाहीत. त्यातली काही आज वाचनालयांच्या कार्यकारिणीवर आहेत आणि नव्या मुलांनी काय वाचू नये ते ठरवत आहेत. त्या पुस्तकांचं वाङ्मयीन मोल मी फार मानत नाही. पण पान उलटायची ओढ त्यांनी लावली, आणि ती ओढ लागलेला माणूस पुढे कुठेही जाऊ शकतो. शिंपटीने वाचायला बसवलेला मात्र एसटीत चढताच पुस्तक विसरतो.

कादंबरी बालविभागात परत ठेवा, एवढीच मागणी करून मी थांबणार नाही. आमच्याकडे पुस्तक खरेदी कशी होते ते सगळ्यांना माहीत आहे. अनुदान हातात पडतं, हिशेबाची घाई असते, वितरक यादी देतो, ज्या यादीवर सूट जास्त ती मंजूर होते. बालविभागात एकाच चरित्रमालेचे तीन तीन संच आहेत आणि त्यांची पानं अजून एकमेकांना चिकटलेली आहेत. माझी सूचना अशी की ग्रंथनिवड समितीवर चौदा-पंधरा वर्षांचे दोन वाचक घ्या, एक मुलगी, एक मुलगा. खरेदीच्या चौथ्या हिश्श्याचा निर्णय त्यांचा. समितीतल्या मोठ्यांना एखादं पुस्तक नको असेल तर त्यांनी ते आधी अथपासून इतिपर्यंत वाचावं आणि मुलांसमोर बसून कारण सांगावं. पहिल्या यादीत निम्मी पुस्तकं भुतांची निघतील, हे मी आत्ताच लिहून देते, ती मागवावीत. वाचनालयाच्या घटनेत यासाठी काही बदलावं लागत नाही, समिती नेमायचा अधिकार कार्यकारिणीलाच आहे. तसा अर्ज मी दिला आहे. पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेत तो 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या सदराखाली आहे.